‘नाही’ हेही उत्तरच असते

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मोशीला आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे लेथ मशीनपुढे उभे राहून ते निवृत्त झाले. पुढे पत्नीच्या आजारपणात शिल्लक आटली. एका योजनेतून दरमहा थोडी रक्कम मिळण्यासारखी होती, पण अर्ज संगणकावरूनच करायचा होता. मी बँकेत पस्तीस वर्षे काढलेली. त्यामुळे सोसायटीत कोणाचा काही कागद अडला की तो माझ्याकडे येतो. तसे तेही आले.

अर्ज भरता भरता आम्ही एका रकान्यापाशी थांबलो. याच प्रकारच्या दुसऱ्या एखाद्या योजनेचा लाभ घेता काय, असा प्रश्न होता. उत्तरे दोनच, होय किंवा नाही. शेजाऱ्यांना असा कसलाही लाभ नव्हता, म्हणून मी ‘नाही’ निवडले. लगेच खाली तांबडी अक्षरे उमटली. हा रकाना भरणे बंधनकारक आहे, असे यंत्राचे म्हणणे. पुन्हा ‘नाही’ निवडले, पुन्हा तीच तांबडी अक्षरे. सोबतचे माहितीपत्रक उघडले. त्यात एका ठिकाणी लिहिले होते की, लागू नसलेले रकाने रिकामे सोडावेत, आणि पुढच्याच पानावर लिहिले होते की, एकही रकाना रिकामा सोडू नये. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मुदत बाराला संपत होती. मग मी जे केले ते सांगायला आजही संकोच वाटतो. मी त्यांना म्हटले की, ‘होय’ करून टाकू, नंतर दुरुस्ती करता येईल. ‘होय’ म्हणताच अर्ज विनातक्रार पुढे सरकला.

दीड महिन्याने उत्तर आले. अर्जदार अन्य योजनेचा लाभ घेत असल्याने अपात्र. आयुष्यभर लोकांना सही करण्यापूर्वी वाचा म्हणून बजावणाऱ्या माणसाने एका सरळ माणसाकडून खोटे लिहवून घेतले होते. कशासाठी, तर यंत्राला खरे चालत नव्हते म्हणून.

त्यांची पुतणी हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. तिने ते पान पाहिले आणि दुखणे कुठे असावे ते पाच मिनिटांत सांगितले. अर्ज तयार करणाराने यंत्राला एवढेच तपासायला सांगितले असणार की, या रकान्यात काही आहे की नाही. आणि काही संगणकीय भाषांत ‘नाही’ हे मूल्य ‘काहीच नाही’ याच्याच पंक्तीला बसते. म्हणजे माणसाने विचारपूर्वक दिलेला नकार आणि न दिलेले उत्तर यांत यंत्राला फरकच दिसत नाही. विचारायला हवे होते ते वेगळेच. या रकान्यातले उत्तर ‘होय’ आणि ‘नाही’ या दोहोंपैकी एक आहे काय? असे विचारले असते, तर ‘नाही’ सुखरूप पार झाले असते आणि खरोखर कोरा राहिलेला रकाना तेवढा अडला असता. अशा रकान्याला त्यांच्या धंद्यात बूलियन म्हणतात, असेही ती जाता जाता म्हणाली.

बूलियन हे एका माणसाच्या नावावरून आलेले विशेषण आहे. संगणकाशी ज्याचा ज्याचा संबंध येतो त्या प्रत्येकाच्या तोंडी हे नाव असते, पण त्या माणसाची कहाणी फार थोड्यांना ठाऊक असते. मला स्वतःला ती निवृत्तीनंतर कळली, आणि त्या अपात्र ठरलेल्या अर्जानंतर मी ती पुन्हा नीट वाचून काढली.

जॉर्ज बूल यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1815 रोजी इंग्लंडमधल्या लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल चांभारकाम करीत. जोडे शिवणे हा त्यांचा धंदा खरा, पण जीव रमे तो दुर्बिणी आणि भिंगे यांच्यात. स्वतः बनवलेली दुर्बीण दुकानाच्या खिडकीत ठेवून ते येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश पाहायला बोलावीत. गिऱ्हाइकाचा जोडा मात्र तसाच पडून राही. असा गृहस्थ संसार कसा चालवणार? पण मुलाला लिहायला, वाचायला आणि गणित करायला त्यांनीच शिकवले. पुढे गावातल्या एका ओळखीच्या पुस्तकविक्रेत्याने जॉर्जला लॅटिनचे धडे दिले. ग्रीक तो आपले आपणच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने केलेला एका ग्रीक कवितेचा अनुवाद गावच्या वृत्तपत्रात छापून आला, तेव्हा एका शिक्षकाने जाहीरपणे शंका घेतली की, एवढ्या पोराला हे जमणे शक्य नाही. खरे बोलूनही खोटे ठरण्याचा अनुभव बूल यांना असा लहानपणीच आला.

चार भावंडांत जॉर्ज थोरला. वडिलांचा धंदा बसला आणि सोळाव्या वर्षी घराचा भार त्याच्या खांद्यावर आला. त्याने डॉन्कास्टर येथे शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. ती फार दिवस टिकली नाही. रविवारी गणिताची पुस्तके वाचतो, ही त्याच्याविरुद्धच्या तक्रारींपैकी एक होती. एकोणिसाव्या वर्षी, 1834 साली, त्याने लिंकनला स्वतःची शाळा काढली आणि तिच्यावर आईवडिलांसह सगळे घर चालवले. आपल्याकडे थोरल्या मुलाने शिक्षण सोडून धाकट्यांना मार्गी लावल्याच्या कथा घरोघरी आहेत. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात खोली भाड्याने घेऊन गावी पैसे पाठवणारी पोरे आजही पाहतो. तेव्हा हा इंग्रज मुलगा मला तरी परका वाटत नाही.

गणिताकडे तो वळला त्यामागे गरिबीही होती, असे म्हणतात. गणिताचे एक जाड पुस्तक वाचून संपायला इतर पुस्तकांपेक्षा कितीतरी अधिक दिवस लागत, म्हणजे तेवढेच पैसे वाचत. दिवसभर मुलांना शिकवायचे आणि रात्री लाक्रवा आणि लाग्रांज या फ्रेंच गणितज्ञांचे ग्रंथ घेऊन बसायचे. कोणी गुरू नाही, शंका विचारायला जागा नाही. अडलेल्या पानावर आठवडेच्या आठवडे जात. केंब्रिजच्या गणितविषयक नियतकालिकाचा तरुण संपादक डंकन ग्रेगरी याने त्याचे लेख छापायला सुरुवात केली. 1844 साली तर रॉयल सोसायटीने त्याच्या एका निबंधाला सुवर्णपदक दिले. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या शाळामास्तरावर देशातल्या थोर विद्वानांच्या संस्थेने मोहोर उमटवली.

त्याच सुमारास आयर्लंडमध्ये नवी महाविद्यालये निघणार होती. बूल यांनी 1846 साली प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला. त्या अर्जाची हकीगत वाचताना मी थबकलो. आपण कोणत्याही विद्यापीठाचे सदस्य नाही आणि कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही, हे त्यांनी त्यात स्वच्छ लिहून टाकले होते. शिक्षणाचा रकाना त्यांनी मोघम शब्दांनी भरला नाही, किंवा कोराही सोडला नाही. तिथे सरळ ‘नाही’ लिहिले. पुढची तीन वर्षे वाट पाहण्यात गेली. त्या काळात वडीलही वारले. अखेर 1849 साली कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजचे गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अर्ज वाचणारांनी तो नकार वाचला, त्याच्या शेजारी डी मॉर्गनसारख्या नामवंतांची शिफारसपत्रे वाचली आणि दोन्हींचा मेळ घालून निर्णय दिला. माणूस वाचतो तो असा.

या ऑगस्टस डी मॉर्गन यांचा आपल्याशी थोडा संबंध आहे. त्यांचा जन्म 1806 साली आपल्याच देशात, मदुराईला झाला होता. दिल्लीचे गणिती मास्टर रामचंद्र यांचा ग्रंथ त्यांच्याच पुढाकाराने 1859 मध्ये लंडनला पुन्हा छापला गेला. तर या डी मॉर्गन यांचा एडिंबरोच्या सर विल्यम हॅमिल्टन यांच्याशी तर्कशास्त्रातल्या एका मुद्द्यावरून जाहीर वाद जुंपला. तो वाचून बूल यांच्या मनातला एक जुना विचार जागा झाला. तर्क हे बीजगणितासारखे मांडता येणार नाही काय? त्यांनी 1847 साली एक छोटे पुस्तक घाईघाईने लिहून काढले. घाईत लिहिल्याची खंत त्यांना पुढे वाटत राहिली. सात वर्षे त्यावर काम करून, जे गोंधळाचे होते ते स्वच्छ करून, 1854 साली त्यांनी विचारांच्या नियमांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपलेच लिखाण अपुरे आहे हे मान्य करून पुन्हा बसणारे लेखक थोडे. माहितीपत्रके लिहिणारे तर त्याहूनही थोडे.

त्या ग्रंथात आहे काय? घाबरण्यासारखे काही नाही. बँकेतलेच उदाहरण घेऊ. शाखेतल्या सगळ्या खात्यांमधून पेन्शनरांची खाती वेगळी काढा. आता त्या गठ्ठ्यातून पुन्हा पेन्शनरांची खाती वेगळी काढा. हाती काय येईल? तोच गठ्ठा. एकच निवड दोनदा केली तरी फळ एकच. बूल यांनी ही निवड ‘क्ष’ मानली आणि लिहिले की, क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. नेहमीच्या अंकगणितात असे वागणारे अंक फक्त दोन आहेत. शून्य गुणिले शून्य शून्य, आणि एक गुणिले एक एक. तर्काच्या साऱ्या व्यवहाराला हे दोन अंक पुरे आहेत, हे बूल यांना दिसले. एक म्हणजे विचारात घेतलेले सगळेच्या सगळे, शून्य म्हणजे त्यातले काहीच नाही. विधान खरे असेल तर एक, खोटे असेल तर शून्य. एखादी वस्तू एकाच वेळी आहे आणि नाही असे होऊ शकत नाही, हा जुना नियमही त्याच समीकरणातून आपोआप निघाला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बूल यांचे शून्य म्हणजे कोरा कागद नव्हे. ते एक उत्तर आहे. शोध घेतला, मोजले आणि काही आढळले नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या बँकेत याला फार चांगला शब्द होता, निरंक. दरमहा हेड ऑफिसला विवरणपत्रे जात. शाखेत तसा एकही व्यवहार नसला तरी निरंक विवरणपत्र पाठवावेच लागे. नवा कारकून हटकून विचारी की, काही नाहीच तर पाठवायचे काय? त्याला सांगावे लागे की, निरंक लिहून आले म्हणजे कोणीतरी पाहिले आहे. काहीच आले नाही तर पाहिले की नाही हेच कळत नाही. शून्याचा शोध लावणाऱ्या देशात हा फरक वेगळा शिकवावा लागू नये. पण माझ्या शेजाऱ्यांचा निरंक यंत्राने कोरा म्हणून परत केला होता.

बूल यांनी नुसती समीकरणे मांडून हात झटकले नाहीत. रोजच्या वापरातली गुंतागुंतीची वाक्ये घेऊन त्यांनी ती सोडवून दाखवली. यहुदी धर्मशास्त्रात खाण्यास शुद्ध मानलेले जनावर कोणते, तर ज्याचे खूर दुभंगलेले आहेत आणि जे रवंथ करते ते. दोन्ही अटी हव्यात, एक असून भागत नाही. अर्थशास्त्रज्ञ नॅसो सीनियर यांनी केलेली संपत्तीची व्याख्याही त्यांनी अशीच उलगडली. जी हस्तांतर करता येते, जिचा पुरवठा मर्यादित आहे आणि जी सुख देते किंवा दुःख टाळते, ती संपत्ती. आता यातल्या ‘किंवा’चे काय करायचे? सुखही देते आणि दुःखही टाळते अशी वस्तू त्यात येते की नाही? साध्या भाषेत हा शब्द आपण बेफिकिरीने वापरतो. बूल यांनी तिथे थांबून विचारले की, नेमके काय म्हणायचे आहे ते आधी ठरवा.

या एका शब्दाची किंमत मला काउंटरवर बसून कळली. संयुक्त खात्यावर दोघांनी मिळून सही करायची असेल तर तो ‘आणि’चा व्यवहार. आयदर ऑर सर्व्हायव्हर म्हणून उघडलेले खाते हा ‘किंवा’चा व्यवहार, दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील ते. खाते उघडताना या ओळीकडे कोणी पाहत नाही. पुढे पती गेल्यावर कोरे कपाळ घेऊन समोर उभ्या राहिलेल्या बाईचे पैसे त्या ओळीवर अवलंबून असतात. एका शब्दाने कोणी आठ दिवसांत मोकळे होते, कोणी वर्षभर कागद गोळा करते.

बूल यांच्या संसाराचा धागाही भारताशी जुळलेला आहे. कॉर्कच्या महाविद्यालयात ग्रीक शिकवणारे एक प्राध्यापक होते. त्यांच्याकडे आलेल्या मेरी एव्हरेस्ट या त्यांच्या भाचीशी बूल यांची ओळख झाली. ते तिला गणित शिकवू लागले आणि 1855 मध्ये दोघांचे लग्न झाले. वयात सतरा वर्षांचे अंतर, पण संसार सुखाचा. मेरीचे सख्खे काका म्हणजे भारताचे सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट. ज्यांच्या नावाने जगातले सर्वांत उंच शिखर ओळखले जाते तेच हे. भारतीय तत्त्वचिंतन काकांच्या द्वारे इंग्लंडच्या गणितज्ञांपर्यंत पोचले आणि बूल यांच्या विचारांवर त्याचा परिणाम झाला, असे मेरीने पुढे 1901 साली जगदीशचंद्र बोस यांना लिहिले. पतीच्या मृत्यूला तोवर छत्तीस वर्षे झाली होती आणि याला दुसरा पुरावा नाही. तेव्हा अभिमानाने फुगून जाण्याचे कारण नाही. हे विधान खरे म्हणून नोंदवावे इतका आधार नाही, आणि खोटे म्हणावे इतकाही नाही. जैन पंडितांनी आपल्या स्याद्वादात ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला सांगता न येण्याजोग्या गोष्टींसाठी वेगळी जागा राखली आहे. हे प्रकरण तिथे ठेवावे.

पुढची हकीगत चटका लावणारी आहे. 1864 च्या नोव्हेंबरअखेर एके दिवशी बूल घरून महाविद्यालयाकडे पायी निघाले. अंतर सुमारे तीन मैल, आणि पाऊस कोसळत होता. ते पोचले ते चिंब भिजून, पण तास चुकवायचा नाही म्हणून ओल्या कपड्यांनीच शिकवत राहिले. घरी येऊन अंथरूण धरले, छाती भरली. मेरीचे वडील होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचे भक्त होते, आणि ज्याने रोग होतो त्यानेच तो बरा होतो, हा विचार तिच्या मनात लहानपणापासून रुजलेला. तिने पतीला ओल्या चादरीत गुंडाळले, असे सांगितले जाते. 8 डिसेंबर 1864 रोजी बूल वारले. वय अवघे एकोणपन्नास. विचारांचे नियम लिहिणाऱ्याच्या उशाशी, अगदी प्रेमापोटी, एक न तपासलेले विधान खरे धरले गेले. मेरीला दोष देण्याचा हक्क निदान मला तरी नाही. साडेदहा वाजता मीही प्रेमापोटीच ‘होय’ दाबले होते.

मेरीच्या पदरी पाच मुली, धाकटी सहासात महिन्यांची. ती लंडनला गेली, स्त्रियांच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल झाली आणि मुलांना गणिताची गोडी कशी लावावी यावर तिने पुस्तके लिहिली. मुलीही कर्तबगार निघाल्या. तिसरी ॲलिशिया महाविद्यालयात न जाता चौथ्या मितीच्या भूमितीत रमली आणि 1914 मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. चौथी ल्युसी रसायनशास्त्रज्ञ झाली. धाकटी एथेल लिलियन हिने ‘द गॅडफ्लाय’ ही कादंबरी लिहिली. तिच्या प्रती रशियात लाखांनी खपल्या. थोरल्या मुलीच्या वंशातले जेफ्री एव्हरेस्ट हिंटन यांना संगणकाला शिकायला शिकवल्याबद्दल 2024 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ते बूल यांचे खापरपणतू.

बूल यांच्या बीजगणिताला व्यवहारात जागा मिळायला मात्र सत्तरहून अधिक वर्षे लागली. 1937 साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले की, विजेची बटणे आणि रिले हेच गणित करू शकतात. आमच्या स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असत, दोन अधिकाऱ्यांकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नसे. एकापुढे एक जोडलेली दोन बटणे तशीच, दोन्ही दाबली तरच दिवा लागतो. तो ‘आणि’. शेजारी शेजारी जोडलेली बटणे म्हणजे देवळाची दोन दारे, कुठूनही शिरा. तो ‘किंवा’. पेटलेला दिवा एक, विझलेला शून्य. आजचा प्रत्येक संगणक अशा कोट्यवधी अतिसूक्ष्म बटणांवर चालतो. मेरी बूल 1916 च्या मे महिन्यात वारली. त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी शॅनन जन्मला होता.

आणि त्या दिवशी आमच्यापुढे तांबडी अक्षरे उमटवणारे यंत्रही याच वंशातले. त्याला ‘नाही’ कळत नव्हते असे नाही. त्याच्या पोटात सगळा ‘होय’ आणि ‘नाही’चाच कारभार आहे. वरचा प्रश्न चुकीचा विचारला गेला होता, आणि तो माणसाने विचारला होता. ते दुरुस्त करायला फार विद्वत्ता लागत नाही. रकाना भरला काय, असे न विचारता उत्तर दोहोंपैकी एक आहे काय, असे विचारायचे. माहितीपत्रकात ‘रिकामे’ म्हणजे काय आणि ‘नाही’ म्हणजे काय, हे एकदाच, एकाच ठिकाणी लिहायचे. आणि अर्ज लोकांपुढे ठेवण्यापूर्वी एकदा सगळीकडे ‘नाही’ भरून तो पुढे जातो की नाही, ते पाहायचे. आम्ही कॅश बंद करताना रोज टॅली करत होतो, तेवढीच ही तपासणी.

शेजाऱ्यांच्या अर्जासाठी आम्ही पुण्याला तीन खेपा घातल्या. मोशीहून बस पकडायची, रांगेत उभे राहायचे. तिसऱ्या खेपेला एका वयस्कर कारकून बाईंनी आमचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले आणि साध्या कागदावर अर्ज द्यायला सांगितला. आधीचे ‘होय’ चुकीने लिहिले गेले असून तसा कोणताही लाभ मिळत नाही, असे मी लिहिले. चूक माझ्या सल्ल्याने झाली, हेही लिहिले. शेजाऱ्यांनी ते दोनदा वाचले आणि खाली सही केली. त्या बाईंनी त्यावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि दुय्यम प्रत आमच्या हातात दिली. दोन महिन्यांनी पहिली रक्कम खात्यात जमा झाली. पासबुकातली ती नोंद दाखवायला ते स्वतः वर आले होते. चहा घेऊन झाला तेव्हा त्यांनी खिशातून दुसऱ्या एका अर्जाचा कागद काढला. या वेळी आधी माहितीपत्रक वाचू, मग अर्ज उघडू, असे आमचे ठरले.